मुलीला मराठी समजतं, उत्तर मात्र गुजरातीत येतं

भायलीकर: बडोद्यात भायलीला राहतो, दोघंही नोकरीला. आजी-आजोबा दांडिया बाजारात. मुलगी साडेचार वर्षांची, ९ ते ६ शाळा आणि पाळणाघर. आमचं सगळं कळतं, बोलते गुजराती. शाळा म्हणते, घरी इंग्रजी बोला. काय करावं?

सुरसागरकाठ: आधी तास मोजा. सातला उठून साडेआठला झोपत असेल तर जागेपणीचे साडेतेरा तास, त्यातले नऊ बाहेर. उरलेल्या साडेचारात आंघोळ, जेवण, टीव्ही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हाही मूल घराबाहेर जायला लागलंच. पण शाळा सुटली की वाड्यात आजी, काकू, शेजारच्या मावशी असायच्या. ती दुपार आता पाळणाघराकडे गेली.

"मराठीत बोल" असं दटावू नका, मूल गप्प बसतं. ती म्हणाली, "झाडवर चकली बेठी", तर हसू आवरून म्हणा, "हो गं, झाडावर चिमणी बसलीय. काय खातेय?" बरोबर रूप कानावर घालायचं आणि पुढचा प्रश्न टाकायचा. 'झाडवर' हा आळस नव्हे. गुजरातीत 'झाड पर' म्हणताना झाड बदलत नाही, मराठीत त्याचं 'झाडा' होतं.

दोन_भाषा: शाळेचं ऐकू नका. इंग्रजी शाळा देईलच, आणि २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. मराठीला घराशिवाय दुसरी जागा नाही. आंघोळ आणि रात्रीचं जेवण, एवढं पक्कं मराठीत ठेवा. दिवसभर ओढाल तर आठवड्यात सुटेल. आजीच्या व्हिडिओ कॉलवर "कशी आहेस? जेवलीस?" यात दोन मिनिटांत संपतं. त्यापेक्षा काम द्या: आजीने सांगायचं, नातीने मटार सोलायचे.

सुरसागरकाठ: शनिवारी रात्री आजीकडे एकटीला ठेवा. आईबाबा समोर असले की पोर त्यांनाच दुभाषी करते.

भायलीकर: पण आजीच लाडाने "चालो बेटा, जमी लो" म्हणते!

दोन_भाषा: मग गाठ तिथेच आहे. बडोद्याच्या आज्यांना गुजराती फर्डं येतं, त्यामुळे नातीला मराठीची गरजच पडत नाही. महिनाभर आजीलाच मराठीत बोलायला लावा. नातीपेक्षा तिलाच जड जाईल.