पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन लावावा का?

भोसरीकर: आमच्याकडे जुने पिन क्लचचे पॉवर प्रेस आहेत, पीस हाताने डायमध्ये (साच्यात) ठेवायचा आणि पायाने पेडल मारायचं, शेजारच्या युनिटमध्ये एका पोराची बोटं गेली तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मालक लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर, लावायला तयार आहेत, फरक पडेल का?

टूलरूमवाला: दादा थांबा, पिन क्लचवर त्याचा उपयोग नाही. क्लच एकदा गुंतला की रॅम (वरून खाली येणारा भाग) पूर्ण स्ट्रोक मारल्याशिवाय थांबतच नाही, मग सेन्सरला हात दिसून काय फायदा? ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच-ब्रेकवाल्या प्रेसला चालतं, तिथे रॅम मध्येच थांबवता येतो. तुम्ही डायभोवती फिक्स गार्ड करा, पट्टी जाईल एवढीच फट, बोट जाता कामा नये. सुटे पीस असतील तर स्लाइडिंग फीड (पीस बाहेर ठेवून आत सरकवायची सोय) बनवून घ्या, नुसता चिमटा देऊन भागत नाही, टार्गेटच्या घाईत पोरं तो बाजूला ठेवतात.

सेफ्टीताई: डाय सेटिंगचं, म्हणजे डाय बसवताना-बदलतानाचं पण बघा. मेन स्विच बंद करून कुलूप, रॅम खाली येऊ नये म्हणून त्याखाली सेफ्टी ब्लॉकचा टेकू, आणि फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, मोटर बंद केली तरी ते फिरत राहतं. पेडलला वरून कव्हर आहे ना? काही पडलं तरी स्ट्रोक बसतो.

भोसरीकर: कव्हर नाहीये ताई. उद्या सकाळी आधी तेच करून घेतो, मग गार्डचं माप काढतो.