मॅकवरचं ॲप शेल स्क्रिप्टने (म्हणजे आज्ञांच्या फाइलने) बदलावं, की मुळाला हात न लावता बाहेरून गुंडाळावं? कळफलक, उंबरठा आणि चौकट या तिघांची चर्चा.

कळफलक
व्हीएस कोडसारखं (कोड लिहायचं) ॲप कामासाठी एक आणि घरासाठी एक, वेगळ्या नावाचिन्हाने हवं असेल, तर स्क्रिप्टच लिहावी. ॲप म्हणजे शेवटी फोल्डर. ‘डिट्टो’ या आज्ञेने प्रत काढा, इन्फो-प्लिस्ट या ॲपच्या माहिती-फाइलमधला बंडल आयडेंटिफायर, म्हणजे ॲपचं ओळखनाव, ‘प्लिस्टबडी’ने बदला, ‘रिसोर्सेस’ फोल्डरमध्ये नवी आयसीएनएस (चिन्हाची) फाइल टाका आणि शेवटी ‘कोडसाइन’ने डिजिटल सही करा. क्रम मोडू नका: सहीनंतर प्लिस्टला हात लावला की सही तुटते.

उंबरठा
माझा विरोध आहे. खरी गोम सहीतच आहे. मूळ कंपनीची सही गेली आणि तुम्ही ॲड-हॉक, म्हणजे सर्टिफिकेटशिवायची, सही केलीत, तर ॲपला ओळख उरते ती फक्त हॅशची, म्हणजे फाइलींच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची. मूळ ॲप अपडेट होऊन स्क्रिप्ट पुन्हा चालली की हॅश बदलतो, मग स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी नव्याने द्या, कीचेनचा (मॅकच्या पासवर्ड-साठ्याचा) पासवर्ड पुन्हा टाका. एन्टायटलमेंट, म्हणजे सहीत नोंदलेले ॲपचे खास हक्क, जपायचा पर्याय दिला नाही तर तीही गळतात. जपली, आणि त्यांत आयक्लाउडचं असेल, तर ॲप उघडताक्षणी बंद पडतं, कारण त्यासाठी मूळ डेव्हलपरचीच सही लागते.

कळफलक
परवानग्यांवर उपाय आहे. कीचेन ॲक्सेस या मॅकमधल्या ॲपच्या सर्टिफिकेट असिस्टंटमधून कोड सायनिंगचं स्वतःचं सर्टिफिकेट एकदाच बनवा. मग ओळख सर्टिफिकेट आणि आयडेंटिफायरवर ठरते, परवानग्या टिकतात. आयक्लाउडवाल्या ॲपच्या वाटेला मीही जाणार नाही.

चौकट
दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या दोन गोष्टी.
चिन्ह: आयसीएनएस बदलूनही जुनंच दिसतं, कारण प्लिस्टमध्ये ‘सीएफबंडलआयकॉननेम’ ही नोंद असेल तर चिन्ह असेट्स-कार या दुसऱ्याच फाइलमधून येतं. ती नोंद काढा. आयसीएनएस ज्यातून बनते त्या आयकॉनसेट फोल्डरमध्ये १६, ३२, १२८, २५६, ५१२ अशी पाच मापं, प्रत्येकाची दुप्पटही, म्हणजे १० पीएनजी लागतात.
डेटा: आयडेंटिफायर बदलला म्हणून डेटा वेगळा होत नाही. इलेक्ट्रॉनवर (व्हीएस कोडही ज्यावर बांधलंय त्या चौकटीवर) बांधलेली ॲप्स ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मधल्या आपल्या डेटा-फोल्डरचं नाव सहसा आतल्या पॅकेज-जेसन फाइलवरून ठरवतात. दोन्ही प्रती त्याच फोल्डरवर तुटून पडतात.

उंबरठा
हेच तर! डेटाच वेगळा हवा ना? मग छोटं ॲप बनवा, त्यात एक स्क्रिप्ट: ‘ओपन’ या आज्ञेला ‘-एन’ (नवी प्रत उघड) देऊन मूळ ॲप उघडायचं आणि ‘यूझर-डेटा-डिर’ या पर्यायाने डेटासाठी वेगळा फोल्डर द्यायचा. मूळ सही शाबूत, अपडेट चालू. तुमच्या प्रतीत मात्र इलेक्ट्रॉनचा अपडेटर नवी आवृत्ती नाकारतो, कारण तिची सही चालू ॲपशी जुळत नाही. जुन्या भोकांसकट इंटरनेटवर फिरणारं ॲप मला पटत नाही.

कळफलक
सुरक्षेचा मुद्दा मान्य, आणि ‘यूझर-डेटा-डिर’ माझ्या प्रतीलाही द्यावाच लागेल. पण तुमच्या मार्गात डॉकमध्ये दोन्हीकडे मूळच चिन्ह दिसतं, आणि चुकीच्या खिडकीत टाइप होऊ नये हाच तर हेतू होता. म्हणून अपडेट फक्त मूळ ॲपला घेऊ द्यावं. ‘लाँचडी’ला, म्हणजे मॅकच्या पार्श्वभूमीत कामं चालवणाऱ्या यंत्रणेला, मूळ इन्फो-प्लिस्टवर ‘वॉचपाथ्स’ (फाइलवर पाळत) लावायचं, ती बदलली की प्रत पुसून नव्याने घडवायची.

चौकट
‘वॉचपाथ्स’ अपडेट अर्धवट असतानाही जागं होतं. आधी मुळावर ‘कोडसाइन व्हेरिफाय’ चालवा, नापास झालं तर ३० सेकंद थांबून पुन्हा पाहा. प्रत चालू आहे का तेही ‘पीग्रेप’ या आज्ञेने तपासा. चालू ॲपच्या पायाखालचं फोल्डर काढलं, तर न जतन केलेलं काम जाऊ शकतं.