तीन लेकरं घेऊन गोलाईत बाजार कसा करावा?

औसारोडची आई

लातूरच्या आयाबायांनो आणि घरात लहान लेकरं असलेल्या सगळ्यांनो, जरा सांगा.

मला तीन लेकरं. थोरली साडेपाच वर्षांची, मधला साडेतीन, धाकटी दीड. नवरा पुण्याला नोकरीला, पंधरवड्याला येतो. सासूबाईंचे गुडघे धरलेत, धाकटीच्या मागं त्यांना पळवत नाही. म्हणून बाजाराला निघाले की तिघंही संगं येतात.

रोजचं दूध-साखर कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं. महिन्याचा किराणा मात्र मी गंजगोलाईतच भरते. तूरडाळ चार दुकानांत हातावर घेऊन बघता येते, भावही बरा पडतो. ज्यांनी गोलाई बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते : मधोमध गोल इमारत, तिथंच अंबाबाईचं देऊळ, आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते फुटतात. मोठ्या माणसालासुद्धा आपण कापड लाईनीतून आलो की भुसार लाईनीतून, हे थांबून बघावं लागतं. लेकराला काय उमजणार? त्यात ऑटो, हातगाडे, पोती वाहणारे हमाल.

धाकटी कडेवर, पिशवी दुसऱ्या हातात. उरलेल्या दोघांना धरायला हातच राहत नाही. थोरली शहाणी आहे, पदर धरून चालते. मधल्याचा जीव पोत्यात. हरभरा डाळीचं उघडं पोतं दिसलं की कोपरापर्यंत हात खुपसतो आणि डोळे मिटून उभा राहतो. ओढलं की रडायला लागतो. अर्धा बाजार झाला की "पाय दुखायलेत" म्हणून रस्त्यातच बसकण मारतो.

कुणाला कुणाच्या हाती द्यावं, किती वाजता जावं, स्कुटी न्यावी की ऑटो करावा, हे सांगा. फक्त "घरबसल्या मोबाईलवरून मागव" असं नका सांगू. माझ्या लेकरांनी बाजार बघावा असं मला मनापासून वाटतं. शाळू ज्वारी कोणती आणि हायब्रीड कोणती, हे पुडक्यावरचं चित्र बघून कळत नाही. माझ्या आईनं मला दाणा दाताखाली धरून ओळखायला शिकवलं, तेही मोंढ्यातच, म्हणजे धान्याच्या बाजारात.

भुसारवाला

ताई, आमचं भुसारचंच दुकान, म्हणून दुकानाच्या आतून सांगतो.

आदल्या संध्याकाळी यादी व्हॉट्सॲपवर टाका. जो दुकानदार नेहमीचा असेल तो माल काढून ठेवतो. तुम्ही यायचं, डाळ-तांदूळ हातावर घेऊन बघायचं, काटा बघायचा, पैसे द्यायचे. बघणं सोडू नका, ताटकळणं तेवढं सोडा. दुकानं उघडल्या उघडल्या या, तेव्हा गिऱ्हाईक थोडं आणि ऊनही कमी. पगाराचा पहिला आठवडा टाळा. दिवाळी आणि वेळ अमावस्येच्या आधीचे दिवस तर लेकरांना घेऊन येऊच नका. येळवस म्हणजे हीच वेळ अमावस्या, शेतात साजरा होणारा सण; तिच्या भज्जीचा, म्हणजे मिसळ भाजीचा, बाजार करायला सगळा जिल्हा लोटतो.

दुसरं, वर्षाचं धान्य एकदाच भरा. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, शाळू त्याच्या मागोमाग निघतो. डाळ आणि ज्वारी तेव्हाच घेतली, कडक उन्हं दाखवली, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत ठेवली की दर महिन्याचं निम्मं ओझं गेलं. धान्याचा कट्टा, म्हणजे पोतं, घरपोच मिळतो, ऑटोवाल्याला सांगून पाठवतात.

पोत्यात हात घालणाऱ्या लेकराला आम्ही रागवत नाही. पण पोती शिवायचं दाभण कधीकधी काठालाच खोचलेलं असतं, हमालांचे लोखंडी हूक खाली पडलेले असतात. म्हणून दुकानात शिरताच मूठभर डाळ मागून त्याच्या ओंजळीत द्या. कुणीही देईल.

उदगीरकर मावशी

अगं पोरी, धाकटीला कडेवर घेऊन बाजार होत नसतो. जुन्या सुती ओढणीची नाहीतर लुगड्याची झोळी करून तिला अंगाशी बांध, दोन्ही हात मोकळे होतात. रानात जाणाऱ्या बाया लेकरू पाठीशी बांधून खुरपतात, तुला तर चालायचंच आहे. गाठ मात्र चौकट आणि पक्की, आणि लेकराचं नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे.

पिशवी खांद्याला अडकव. एका हाताला मधला, दुसऱ्या हाताला थोरली. मधल्याला थोरलीच्या हाती देऊ नकोस, ती कितीही शहाणी असली तरी. साडेपाच वर्षांची पोर त्याच्यामागं पळेल आणि दोघंही ऑटोखाली जातील. तिच्याकडं यादी वाचायचं काम दे.

निघण्याआधी तिघांचा फोटो काढ, अंगावर कोणते कपडे आहेत ते त्यात येतं. सदऱ्याच्या आतून तुझा मोबाईल नंबर लिहिलेली पट्टी शिव. बाहेरून नको, कुणीही नाव-नंबर वाचून हाक मारील. आणि एकच गोष्ट शिकव : आई दिसेनाशी झाली की जिथं आहेस तिथंच थांब, जवळच्या दुकानात गल्ल्यावरच्या माणसाला सांग. शोधायला निघायचं नाही. सोळा रस्त्यांत लेकरू आईला शोधतंय आणि आई लेकराला, असं झालं की चुकामूक वाढतच जाते.

अंबाजोगाईची सिस्टर

मी दवाखान्यात काम करते, म्हणून एकच सांगते. दुकानदार कौतुकानं लेकराच्या हातावर शेंगदाणे-फुटाणे ठेवतात. तुमच्या मधल्याला आणि धाकटीला ते अजिबात देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खा दाणा श्वासनळीत अडकू शकतो, त्यात ते चालत किंवा रडत असेल तर धोका जास्तच. हात जोडून "नको" म्हणा आणि घरून केळं न्या.

तरीही कधी अडकलं आणि लेकराला खोकता, रडता येईना, तर तोंडात अंदाजानं बोट घालू नका. त्याला पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात पाच थापा द्या. वर्षाच्या पुढचं लेकरू असेल आणि थापांनी निघालं नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके द्या. पुन्हा थापा, पुन्हा झटके. दुसऱ्या कुणाला तरी लगेच 108 लावायला सांगा.

दोन पोरींचा बाप

स्कुटीचं उत्तर सरळ आहे, नेऊ नका. दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागं एकच जण, असा कायदा आहे. चार वर्षांवरच्या लेकराला हेल्मेट लागतंच. 15 फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरालाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा लागतो, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. तिघं आणि किराणा त्यात बसत नाही. ऑटोच करा, आणि परतीचाही त्याच्याशीच ठरवून घ्या.

औसारोडची आई

सगळ्यांचे आभार. मावशी, झोळी आजच बांधून बघितली, धाकटी पाच मिनिटांत झोपली. सिस्टर, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. घरातली दाण्याची बरणी त्यांनी वरच्या फळीवर ठेवली.

दादा, यादी थोरलीच्या हातानं लिहून फोटो पाठवला तर दुकानात चालेल का? तिला "शेंगदाणे" अजून जमत नाही, "सेंगदाने" लिहिते.

भुसारवाला

चालेल की ताई. फक्त प्रत्येक जिनसापुढं किलो आणि पाव तिला नीट लिहायला सांगा. आणि तेल कोणतं तेही लिहा, करडईचं की सोयाबीनचं. तिथंच आमचा घोळ होतो.