मदत हवी आहे: नववी, बीजगणित आणि स्नेहसंमेलनाचं नाटक

चंद्रकोर:
मुलगी नववीत, राज्य मंडळ. प्रथम सत्रात बीजगणितात ४० पैकी १३. संमेलनाच्या ३५ मिनिटांच्या नाटकात मुख्य भूमिका, प्रयोगाला साडेतीन आठवडे. तालीम रोज ४ ते ६:३०, मग क्लास. जेवून गणित काढते आणि वहीवरच पेंगते. घरचे म्हणतात नाटक सोड. मला ते नकोय. काय करता येईल?

पडद्यामागे:
ताई, नाटक बसवणाऱ्या बाईंकडे प्रवेशवार तालमीचा तक्ता मागा. शाळेत सगळ्यांनाच ४ वाजता बोलावतात आणि निम्मी पोरं विंगेत टिवल्याबावल्या करत बसतात. मुख्य भूमिका असली तरी ती प्रत्येक प्रवेशात नसणार. सलग तालीम शेवटच्या आठवड्यात लागते, तोवर तिच्या प्रवेशांपुरतं बोलावलं तरी भागतं.

पाठांतराचं म्हणाल तर नुसती स्वतःची वाक्यं घोकू देऊ नका. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द आणि त्यावर आपलं वाक्य, अशी जोडीच पाठ हवी. बाकीच्यांची वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करा, तिच्या वाक्यापुरती जागा रिकामी सोडून. जाता-येता म्हणून होईल. आणि हालचाली ठरल्यावरच पाठांतर. खुर्चीत बसून पाठ केलेलं रंगमंचावर चालायला लागलं की हमखास सुटतं.

क्षयज्ञ:
रात्री गणित बंद. ते सकाळी ३५-४० मिनिटं, पाचच उदाहरणं, पण पुस्तक मिटून. तालमीनंतर नकाशे, प्रयोगवही असली हातकामं. आधी सत्राची उत्तरपत्रिका काढून गेलेल्या गुणांचे तीन गट करा: चिन्हाची चूक, रीतच येत नाही, वेळ पुरला नाही. तिन्हींवर इलाज वेगळा.

चंद्रकोर:
पाहिलं. २७ पैकी ८ चिन्हांचे. बाकी बहुतेक बहुपदींचे अवयव. वेळ उरला होता.

क्षयज्ञ:
मग पहिले दहा दिवस फक्त अवयव. हे अर्धवट राहिलं तर दहावीत वर्गसमीकरणांत अडकेल, म्हणून टाळू नका. क्ष² − ७क्ष + १२ घ्या. फोड −३क्ष − ४क्ष बहुतेकांना जमते. घोळ पुढे होतो: क्ष² − ३क्ष मधून क्ष(क्ष − ३) निघतं, पण −४क्ष + १२ मधून −४ बाहेर काढताना कंसात (क्ष + ३) लिहितात, हवं (क्ष − ३). दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. शेवटी कंस गुणून ताळा. याने चिन्हांचे ८ गुणही बरेचसे परत येतील. मग दोन चलांतील रेषीय समीकरणं. संच आणि सांख्यिकी तालमीच्या दिवसांत बाजूला ठेवली तरी चालतील.

वहीवाली:
वह्या विसरू नका! नाटकाच्या महिन्यात गृहपाठ तुंबतो आणि गणिताच्या अंतर्गत २० गुणांत गृहपाठही मोजला जातो. तालमीत दुसऱ्यांचा प्रवेश चालू असताना विंगेत वही पूर्ण होते. नवीन धडा मात्र तिथे डोक्यात शिरत नाही.

पडद्यामागे:
एक कडू सांगतो. दहा दिवसांनी ती सकाळी उठतच नसेल, तर मुख्य भूमिका सोडून छोटी घ्यायची ती तेव्हाच. दोन आठवड्यांत दुसरी मुलगी उभी करता येते. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी सोडलं तर अख्ख्या वर्गाचं नाटक कोसळतं. बाईंना हे आजच सांगून ठेवा, म्हणजे त्या एखादीला संवाद ऐकत बसवतील.