पंप कारखान्याची क्षमता वाढवायची तर वाइंडिंग बाहेर द्यावं का?

चक्रपाणी (धागाकर्ता)

शेतीपंपांची मागणी फेब्रुवारी ते मे चढते आणि मिरगाचा पाऊस लागला की बसते. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांपुढे हा प्रश्न दरवर्षी येतो. हवेत बोलणं नको म्हणून एक नमुना गणित घेऊ.

३ एचपी थ्री-फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर). सीझनला रोज १५० पंप हवेत, निघतात १०० च्या आसपास. दोन पाळ्या, जेवण-चहा वगळून ८४० मिनिटं. म्हणजे दर ५.६ मिनिटांनी एक पंप बाहेर पडायला हवा. एरवीची मागणी रोज ६०.

माझं मत: स्टेटर वाइंडिंग (मोटरच्या स्थिर भागात तांब्याची तार भरणं), रोटर-शाफ्ट (फिरणारा भाग) आणि टर्मिनल बॉक्सची जोडणी बाहेर द्या. स्टोअर आणि किटिंग (एका पंपाचे भाग एका ट्रेत लावून देणं) लॉजिस्टिकवाल्याकडे सोपवा. आत ठेवा फक्त अंतिम जुळणी, टेस्टिंग, पेंटिंग, पॅकिंग. नवीन शेड म्हणजे प्लॉट, बांधकाम, वाढीव वीजभार. दोन सीझन त्यातच जातात. जॉबवर्कर (आपला माल घेऊन मजुरीवर काम करून देणारा) तीन महिन्यांत तयार होतो. केसिंग (पंपाचं कवच) आणि इम्पेलरचं (पाणी फेकणारं चाक) कास्टिंग आपण शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून घेतोच की. मग वाइंडिंगचंच एवढं सोवळं कशाला?

गेजमास्तर

असहमत. बाहेर काय द्यायचं ते नंतर, आधी अडतंय कुठे ते सांगा.

या आकड्यांत अडतंय टेस्ट बेंचवर. पंप चढवणं, प्रायमिंग (पंपात पाणी भरणं), ड्यूटी पॉइंटला (ठरलेल्या कामाच्या बिंदूला) हेड (पाणी चढवण्याची उंची), डिस्चार्ज (पाण्याचा प्रवाह) आणि करंट घेणं, पाणी काढून उतरवणं, एकूण ७ मिनिटं धरा. ८४० भागिले ७ म्हणजे १२०, आणि ८५ टक्के चालू वेळ धरली तर १०२. तुमचे १०० पंप इथेच अडकलेत. अख्खं वाइंडिंग बाहेर दिलंत तरी १०१ वा पंप निघणार नाही, फक्त बेंचसमोरची रांग वाढेल.

उपाय स्वस्त आहे. ७ मिनिटांपैकी खरं मोजमाप अडीच मिनिटांचं, बाकीची साडेचार चढ-उताराची. बेंचला दोन स्टेशनं करा, फ्लोमीटर एकच. एकावर मोजमाप चालू असताना दुसऱ्यावर पंप चढवा. फ्लँजचे बोल्ट आवळण्याऐवजी टॉगल क्लॅम्प. सायकल साडेचारवर येते: १८६, आणि ८५ टक्क्यांनी १५८. एक खबरदारी घ्या. बंद बाजूचा व्हॉल्व्ह जरा जरी पाणी सोडत असेल तर डिस्चार्ज चुकीचा दिसतो आणि चांगले पंप नापास होतात. तो व्हॉल्व्ह रोज तपासायचा.

चक्रपाणी

बेंचचं मान्य. पण त्यानंतर अडचण वाइंडिंगवरच येते. चोवीस खाचांचा स्टेटर हातानं भरायला वेज (खाच बंद करणारी पट्टी) आणि लेसिंग (गुंडाळी दोऱ्यानं बांधणं) धरून ४५ मिनिटं. चौदा वाइंडर, एकच पाळी, ४२० मिनिटं. ८५ टक्क्यांनी १११ स्टेटर होतात, रोज ३९ कमी पडतात. दुसऱ्या पाळीला वाइंडर मिळत नाहीत, आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं. म्हणून बाहेर.

खर्चवही

रोज ४० स्टेटर बाहेर गेले, जाणं-येणं-काम मिळून ६ दिवस, एक स्टेटर समजा २,२०० रुपयांचा. वाटेत ५ लाख २८ हजारांचा माल कायम अडकलेला. हा खर्च जॉबवर्कच्या दरपत्रकात कुठेच दिसत नाही.

कागदपत्रांचंही बघा. जीएसटीत कलम १४३ प्रमाणे माल चलनावर कर न भरता पाठवता येतो, पण एक वर्षात परत आला पाहिजे. नाही आला तर पाठवल्या दिवसापासून विक्री धरतात, कर आणि व्याज मागे लागतं. जिग-फिक्स्चरला ही मुदत नाही. उलाढाल ५ कोटींवर असेल तर जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-०४ विवरण सहामाही. तांब्याचा हिशेब किलोवर ठेवा: गेलेली तार, स्टेटरमध्ये बसलेली तार, परत आलेले तुकडे. महिनाअखेरीला जुळवलं नाही तर वर्षअखेरीला जुळणं शक्यच नसतं.

आणि सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून आयकरात ४३ब(एच) नं आलेल्या नियमाप्रमाणे उशिरा दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरत नाहीत. ‘सीझन संपल्यावर बघू’ हा जुना धंदा आता महागात पडतो.

गेजमास्तर

आता दर्जा. बाहेरच्या वाइंडिंगमध्ये नेमकं काय बिघडतं?

गुंडाळी खाचेत दाबताना इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) खरचटतं. मेगरला (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) ते दिसत नाही, एचव्हीला (हाय व्होल्टेज चाचणी) कधी दिसतं कधी नाही, आणि शेतकऱ्याकडे जळतं. तार एक गेज बारीक लावली तर रेझिस्टन्स वाढतो, म्हणून प्रत्येक स्टेटरचे तिन्ही फेज मिली-ओहम मीटरवर मोजा आणि तपमानाची दुरुस्ती लावा. मे महिन्यातल्या शेडमध्ये आणि सकाळी सातला तांब्याचं रीडिंग सारखं येत नाही. व्हार्निशिंगमध्ये (गुंडाळीत व्हार्निश मुरवून ओव्हनमध्ये वाळवणं) बेकिंगची वेळ कापली जाते. वरून चकचकीत, आत ओलं. महिन्याला एक स्टेटर कापून खाचेच्या मध्यापर्यंत व्हार्निश गेलंय का बघा.

शिवाय एचव्ही दोनदा पूर्ण दाबानं मारू नका. रेटेड व्होल्टेजच्या दुप्पट अधिक १,००० व्होल्ट, म्हणजे ४१५ ला १,८३० व्होल्ट, एक मिनिट, हे एकदाच. पुन्हा करायची तर ८० टक्क्यांवर. जॉबवर्करही पूर्ण मारतो, कारखानाही पूर्ण मारतो, आणि इन्सुलेशन विनाकारण थकतं.

शंकासुर

बोइंगचं ७८७ विसरलात का? मोठमोठे भाग बाहेर दिले, पहिलं विमान तीन वर्षांहून जास्त उशिरा, सप्टेंबर २०११ मध्ये हाती पडलं. मध्ये २००९ साली चार्ल्सटनचा पुरवठादाराचा कारखानाच विकत घ्यावा लागला.

तिसरी_पाळी

तिथे डिझाइनही पुरवठादारांकडे दिलं होतं, इथे ड्रॉइंग आपलं आहे. पंपाला जवळचं उदाहरण १ फेब्रुवारी १९९७ चं. टोयोटाचा पुरवठादार आयसिन, त्याच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाच्या गाड्या थांबल्या, कारण ब्रेकचा दाब सांभाळणारा पी-व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच यायचा आणि साठा काही तासांचा. चूक बाहेर देण्याची नव्हती, एकाच दारात सगळं देण्याची होती.

मी बाहेर देण्याच्या बाजूचा, पण ‘फक्त सीझनला ४० द्या’ हे चालणार नाही. चार महिने काम आणि आठ महिने रिकामे, असा जॉबवर्कर त्याची चांगली माणसं टिकवूच शकत नाही. फेब्रुवारीत तुम्हाला नवशिके मिळतात आणि गेजमास्तरांची सगळी यादी खरी ठरते. बारमाही २० द्या, सीझनला ४०. रोज २० ची खात्री लेखी द्या.

वखारवाला

पुरवठा साखळीवर कोणी बोललंच नाही. फाउंड्रीतून माल उचलायला एकच गाडी ठरलेल्या वेळी तीन-चार ठिकाणी फिरवणं, हे लॉजिस्टिकवाल्याला जरूर द्या. नट-बोल्ट, वॉशर दोन डब्यांच्या पद्धतीनं (एक संपला की दुसरा वापरायचा, रिकामा भरून घ्यायचा) पुरवठादारालाच भरू द्या.

पण किटिंगमध्ये मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी अडवणारं) आणि बेअरिंग नको. सीलच्या कार्बन फेसला तेलकट बोट लागलं, धूळ बसली की गळती. ट्रेमध्ये उघडं ठेवून दोन किलोमीटर टेम्पोत हलवायची ती वस्तू नाही. अंतिम जुळणीही बाहेर नको: आयएसआय मार्कचा बीआयएस परवाना जागेला असतो, दुसऱ्याच्या शेडमध्ये जुळवलेल्या पंपावर तो मार्क मारता येत नाही.

खर्चवही

एक तिसरा मार्ग मांडतो, दोन्ही बाजूंना कदाचित रुचणार नाही. सीझन सोडून मागणी ६०, वाइंडिंगची ताकद १११. रोज ५१ ची ताकद फुकट जाते आणि पगार पूर्ण. सीझनची तूट रोज ३९, महिन्याला २६ दिवस, चार महिने: ४,०५६ स्टेटर. ५१ नं भागा, ८० दिवस. नोव्हेंबर ते जानेवारीत जवळपास सगळे करून ठेवता येतात.

साठा शिगेला पोचेल तेव्हा सुमारे ८९ लाख. भरताना आणि उतरताना मिळून सात महिने, सरासरी निम्मा, ११ टक्के व्याजानं २ लाख ८६ हजार. तेच ४,०५६ स्टेटर १८० रुपये मजुरीनं बाहेर दिले तर ७ लाख ३० हजार, शिवाय वाहतूक.

चक्रपाणी

कागदावर छान. पण बँकेची मर्यादा ८९ लाखांनी कोण वाढवून देणार? आणि मार्चमध्ये ५ एचपीलाच उठाव आला तर ३ एचपीचे स्टेटर घेऊन बसा.

खर्चवही

३ आणि ५ एचपीमधला धोका खरा. हेडचा मात्र नाही: एकाच स्टेटरवर इम्पेलर-केसिंग बदलून वेगवेगळ्या हेडची मॉडेलं निघतात. म्हणून ज्या एचपीचा खप दरवर्षी ठरलेला आहे त्याचेच निम्मे, २,००० स्टेटर साठवा. उरलेले जॉबवर्करला.

तिसरी_पाळी

म्हणजे रोज १९-२०, तेही फक्त सीझनला. मग बारमाही खात्रीचं काय? पुन्हा नवशिक्यांवरच आलात.

गेजमास्तर

साठवलेले स्टेटर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि वापरायच्या दिवशी ५०० व्होल्टच्या मेगरवर घ्या. रीडिंग पडलं तर ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा. आणि यातलं काहीही करण्याआधी बेंच दुहेरी करा. तो १०२ वर असताना साठा आणि जॉबवर्कर दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत.