टिनाचे छत, पाण्याचा घोट आणि सिकलसेल: नागपूरच्या विद्यापीठांनी एकत्र संशोधन करावे का?

धंतोलीकर (शिक्षणशास्त्राचे अध्यापक)

बी.एड.च्या छात्राध्यापकांचे पाठ पाहण्यासाठी गेल्या मार्च महिन्यात मी जिल्ह्यातील एका शाळेत गेलो होतो. सातवीचा वर्ग टिनाच्या छताखाली भरला होता. साडेदहाच्या सुमारास एका मुलीने बाकावर डोके टेकवले, कारण तिचे गुडघे असह्य दुखत होते. ती सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची रुग्ण आहे हे वर्गशिक्षिकांना ठाऊक होते. ती सकाळपासून पाण्याचा एक घोटही प्यालेली नाही, हे मात्र कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पाणी का पीत नाही, हे तिने आमच्या छात्राध्यापिकेला हळूच सांगितले. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसते, म्हणून ती घरी जाईपर्यंत तहान मारून बसते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्यामुळे या रुग्णांच्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारख्या वाकतात, आणि शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतील हिमोग्लोबिन अधिक दाट होऊन ही क्रिया वेग घेते, हे आपण पुस्तकात शिकवतो. टिनाचे छत किती तापते, हे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी मोजतात. मूल वर्गात किती वेळ लक्ष देऊ शकते, याचा अभ्यास आमच्या विभागात होतो. त्या मुलीच्या बाकावर हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी बसलेले होते, आणि त्यांचा एकत्र विचार करणारे मात्र या शहरात मला कोणी आढळले नाही.

यामागे आपली रचना आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल) १९४७ साली सुरू झाले, आणि वैद्यकीय शिक्षण दीर्घकाळ याच विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर मेडिकल आणि मेयो ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या या विद्यापीठाशी जोडली गेली. वास्तुशास्त्राचा मोठा विभाग व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत आहे, आणि ती केंद्राची स्वायत्त संस्था आहे. एम्स केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आहे. शिक्षणशास्त्र नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रस्त्यावरील आवारात राहिले. ही सगळी आवारे एकाच शहरात असूनही त्यांचे संशोधक एकमेकांना भेटतात ते बहुधा परिसंवादात, निष्कर्ष हाती आल्यानंतर.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या शाखांनी प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यावर एकत्र बसावे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन आपल्याच विद्यापीठात भरले, आणि त्याचा विषय महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान हा होता. त्या विषयाला साजेसा पहिला प्रकल्प या मुलीच्या वर्गाचा, म्हणजे छत पांढरे करून उष्णता, पाणी आणि आजार एकत्र पाहण्याचा असावा, असे मला मनापासून वाटते.

रामदासपेठकर (जैववैद्यकीय संशोधन)

सर, प्रसंग वाचून वाईट वाटले आणि आपल्या तळमळीबद्दल शंका नाही. तरीही आपल्या प्रस्तावाला माझा विरोध आहे.

विदर्भातील सिकलसेलविषयी मूलभूत काम अद्याप अपुरे आहे. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकप्रकारात भ्रूण हिमोग्लोबिनचे (पेशी वाकण्यास अडथळा करणाऱ्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे) प्रमाण जास्त राहते, म्हणून येथील आजार सौम्य असावा, अशी समजूत दीर्घकाळ होती. प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांचा आजार सौम्य म्हणण्यासारखा नसतो. हे असे का होते, याचे उत्तर मिळवायचे असेल तर नवजात बालकांची तपासणी करून त्याच मुलांचा पंधरा-वीस वर्षे पाठपुरावा करावा लागेल, आणि त्यासाठी प्रयोगशाळा, तंत्रज्ञ व सातत्याने निधी लागेल. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच खर्च करतो. त्या तुटपुंज्या रकमेतील वाटा छतांना रंग देण्याकडे वळवला, तर दीर्घ पाठपुरावा आणखी मागे पडेल.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे. समजा आपण दहा शाळा घेतल्या आणि प्रत्येक शाळेत दोन रुग्ण मुले निघाली. वीस मुलांच्या वेदनेच्या झटक्यांची संख्या एका उन्हाळ्यात इतकी कमी असेल की, छत पांढरे केल्याने फरक पडला की योगायोगाने, हे कोणताही संख्याशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. ताप, जंतुसंसर्ग, हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतले की नाही, घरी पाणी किती आहे, या सगळ्यांचा परिणाम त्याच आकड्यात मिसळलेला असेल. दुर्बळ अभ्यासातून निघालेला ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष चांगल्या उपायालाही मारक ठरतो.

तिसरे, मुलांच्या संमतीचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार लागतो. कागद मिळतीलही, पण ‘सिकलच्या मुलांचा अभ्यास’ म्हणून वर्गातून दोघांना उठवून नेले की गावभर बोभाटा होतो, आणि मुलीच्या बाबतीत तो लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. मी हे बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकले आहे.

अंबाझरीकर (वास्तुविशारद, अध्यापन)

डॉक्टर, झटके मोजायचेच कशाला? वर्गात छतातून किरणांच्या रूपाने येणारी उष्णता मोजता येते, मुले किती पाणी पितात ते मोजता येते आणि हजेरीपट तर शाळेत तयारच असतो.

टिनाचे छत हा नागपुरात किरकोळ विषय नाही. टिन सकाळी दहालाच तापते आणि खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर उष्णता फेकत राहते, तर काँक्रीटचा स्लॅब उशिरा तापतो आणि सायंकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडतो. म्हणजे उन्हाळ्यात सकाळची शाळा भरवण्याचा जो निर्णय आपण घेतो, तो स्लॅबच्या वर्गाला जितका उपयोगी पडतो तितका टिनाच्या वर्गाला पडत नाही. वेळापत्रक ठरवणाऱ्या शिक्षण खात्याला हे कोणी सांगितले आहे का? चुन्याचा पांढरा लेप स्वस्त आहे, पण आपल्याकडच्या धुळीने त्याची परावर्तकता कमी होते, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये तो पुन्हा द्यावा लागेल. हे काम शाळेचे, ग्रामपंचायतीचे की पालकांचे, हे ठरल्याशिवाय कोणताही शाश्वत आराखडा कागदावरच राहतो. कूलर लावा, असे सुचवणाऱ्यांना मी आठवण करून देते की कूलर पाणी पितो, आणि ज्या शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही तिथे कूलरला ते कोठून आणायचे?

शरीरातील पाण्याची पातळी पाहायची असेल तर लघवीचा रंग किंवा विशिष्ट गुरुत्व (दाटपणा) तपासण्याची सोपी पद्धत आहे. ती सर्व मुलांसाठी वापरता येईल.

रामदासपेठकर

मॅडम, हीच चूक होऊ नये म्हणून मी विरोध करतो आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लहान वयातच लघवी दाट करण्याची क्षमता गमावते. त्याच्या शरीरात पाणी कमी असले तरी लघवी पातळ आणि फिकटच राहते. आपल्या पद्धतीने मोजले तर सर्वांत अधिक धोक्यातले मूल आपल्या तक्त्यात सर्वांत सुस्थितीत दिसेल. शिवाय अशी मुले इतरांपेक्षा अधिक वेळा लघवीला जातात, आणि त्या वाटेने पाणीही अधिक गमावतात.

मोजमापाच्या यंत्रांबद्दलही सावध राहा. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान विभागाने संवेदकातील बिघाड असल्याचे स्पष्ट केले. वर्गात टांगलेल्या स्वस्त संवेदकाची पडताळणी कोण करणार?

काटोल तालुक्यातील शिक्षक

डॉक्टरसाहेबांचे वरचे उत्तर मी तीन वेळा वाचले. माझ्या वर्गात एक विद्यार्थी आहे. तो एका तासिकेत दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागत असे आणि आम्ही त्याला कामचुकार समजत होतो. मागील वर्षी मीच नियम केला होता की, मधल्या सुटीशिवाय कोणी बाहेर जायचे नाही. त्याला सिकल आहे हे आमच्या नोंदवहीत लिहिलेले आहे. त्यामुळे लघवी जास्त होते, हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले गेले नाही. मी त्या मुलाची आणि त्याच्या आईची माफी मागितली आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, एवढे आम्हाला परिपत्रकातून कळते. वर्गात काय करायचे ते परिपत्रकात नसते.

महालकर (संशोधक विद्यार्थिनी)

मला एकत्र संशोधनाची कल्पना आवडते, तरीही मी त्या प्रकल्पात जाणार नाही, आणि त्याचे कारण स्पष्टपणे मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा दिली आहे, हे खरे. परंतु सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात; अनेक विभागांत पदे रिक्त असताना, त्या चारपैकी एक जागा परक्या शाखेच्या प्रश्नाला कोण देईल? दिलीच, तर माझी पदवी कोणत्या विषयाची ठरणार? नोकरीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील’ हे शब्द असतात, आणि निवड समितीपुढे ‘हा विषय आमचा नाही’ असे तिन्ही शाखांनी म्हटले तर माझी पाच वर्षे कोणाच्याच खाती जमा होत नाहीत. ज्येष्ठ प्राध्यापक भिंती पाडण्याविषयी बोलतात तेव्हा त्यांची नोकरी भिंतीच्या आत सुरक्षित असते, एवढे लक्षात घ्यावे.

धंतोलीकर

महालकर ताई, आपला आक्षेप मला निरुत्तर करणारा आहे. त्यावर मी एवढेच सुचवू शकतो की, असा प्रकल्प पीएच.डी.च्या प्रबंधावर उभा करू नये. तो कायम नोकरीत असलेल्या अध्यापकांनी करावा, आणि विद्यार्थ्यांनी त्यातील आपल्या शाखेत बसणारा तुकडाच घ्यावा.

डॉक्टर, आपण मात्र माझेच म्हणणे सिद्ध केले आहे. मॅडम वास्तुशास्त्राच्या बाजूने एकट्या गेल्या असत्या तर मोजमाप चुकले असते. ते आपण दोन वाक्यांत दुरुस्त केले. त्याच दोन वाक्यांनी काटोलच्या गुरुजींच्या वर्गातला नियम बदलला. प्रयोगशाळेतले हे ज्ञान नवे नव्हते, ते फक्त वर्गापर्यंत आले नव्हते.

या शहरालाच याचा अनुभव आहे. वर्धा रस्त्यावरील नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात सार्वजनिक आरोग्य आणि अभियांत्रिकी हे दोन्ही शब्द होते. आजचे नाव १९७४ चे आहे. पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढण्याचे नालगोंडा तंत्र तिनेच विकसित केले. त्यातील रसायनशास्त्र पक्के होते. पण तुरटीची मात्रा रोज मोजून टाकायची आणि साचलेला गाळ नीट विल्हेवाट लावून टाकायचा, हे गावात वर्षानुवर्षे कोणी करायचे, या प्रश्नावर ते अनेक ठिकाणी अडखळले. तो प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हता.

रामदासपेठकर

नालगोंडाचे उदाहरण मी उलट बाजूने वाचतो. रसायनशास्त्र आधी पक्के झाले म्हणून तर अडखळण्यासाठी काहीतरी हाती होते.

मी आपल्या प्रकल्पात सहभागी होईन असे आज म्हणणार नाही; पाठपुराव्याचा निधी हाच माझा पहिला आग्रह राहील. तरीही आपण हे काम करणारच असाल तर त्याला सिकलसेलचा अभ्यास म्हणू नका. वर्गातील उष्णतेचा आणि पाण्याचा अभ्यास म्हणा आणि वर्गातील प्रत्येक मूल त्यात घ्या. म्हणजे कोणाला उठवून नेण्याची वेळ येणार नाही, संख्या पुरेशी होईल आणि रुग्ण मुलांची माहिती नैतिक समितीच्या देखरेखीखाली वेगळी ठेवता येईल. लघवीच्या तपासणीऐवजी प्रत्येक मुलाची बाटली सकाळी आणि सुटताना वजन करून पाहा. मोजमापाचा मसुदा पाठवलात तर मी तो तपासून देईन.

अंबाझरीकर

बाटलीच्या वजनाची सूचना मान्य. संवेदकांची पडताळणी आमच्या प्रयोगशाळेत प्रमाणित तापमापकाशी करून घेऊ. एक मतभेद मात्र नोंदवते: प्रकल्पाच्या नावातून सिकल काढला की शेवटी अहवालातूनही तो निघून जाईल, अशी मला भीती आहे.

काटोल तालुक्यातील शिक्षक

आमची शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि तेव्हा पावसाची हवा असते, म्हणून उष्णता मोजायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये यावे लागेल. पाण्याविषयी आतापासूनच सांगून ठेवतो. नळ सकाळी साडेसातला जातो. स्वच्छतागृहावरची टाकी ५०० लिटरची आहे, आणि दहा वाजल्यानंतर तिच्यात पाणी राहत नाही. बाटल्या मोजण्याआधी ती टाकी मोजावी.