वेबमेलची सुरक्षा अपडेट त्याच रात्री चढवायची की सवडीने?

पोस्टमास्तर

एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, पेट्या सांभाळणारा डव्हकॉट आणि पुढ्यात राउंडक्यूब, म्हणजे ब्राउझरमधून मेल वाचायचं वेबमेल, हा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतो तोच संसार. तिथे मीटिंगमध्ये असं ठरू घातलंय की वेबमेलच्या अपडेट यापुढे तिमाहीतून एकदाच, सुट्टी बघून करायच्या. मला हे साफ चुकीचं वाटतं. का ते लिहितो, न पटल्यास खोडून काढा.

१ जून २०२५ ला राउंडक्यूबच्या १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या आल्या. त्यात सीव्हीई-२०२५-४९११३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या फटीला मिळणारा क्रमांक) ही सुरक्षेतली फट बुजवली होती. सेटिंग्जमधून फाइल चढवताना एक पॅरामीटर न तपासताच पुढे जायचा आणि त्याच्या आधारे लॉगिन केलेला माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकायचा. तीव्रता दहापैकी ९.९. फट १.१.० पासूनची, म्हणजे सुमारे दहा वर्षं कुणाच्या नजरेला आली नव्हती.

पण खरा मुद्दा पुढचा आहे. राउंडक्यूबचा कोड मुक्त आहे. दुरुस्ती जाहीर झाली की जुनी आणि नवी फाइल शेजारीशेजारी ठेवून फट नेमकी कुठे होती ते कुणालाही वाचता येतं. तसंच झालं, दोनेक दिवसांत हल्ल्याचा कोड चोरबाजारात विकायला होता. आठवडाभराने इंटरनेटवरच्या असुरक्षित सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्या शॅडोसर्व्हर फाउंडेशनने मोजलं तेव्हा दुरुस्ती न झालेले सुमारे ८४ हजार राउंडक्यूब इंटरनेटवर उघडे होते. दुरुस्ती येण्याआधी फट माहीत असलेली माणसं मोजकीच असतात, आल्यानंतर सगळ्या जगाला माहीत होते. मग ‘तिमाहीतून एकदा’ म्हणजे तीन महिने दार उघडं ठेवणं. हा धोका माझा एकट्याचा असता तर वेगळी गोष्ट, इथे सभासदांची कर्जाची कागदपत्रं मेलमध्ये पडलेली असतात.

निळी शाई

तुमची कळकळ समजते, पण दुसरी बाजू मी जवळून पाहिली आहे.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात सिस्टीम बघते. तिथे मी यायच्या आधी बाहेरच्या एका ठेकेदाराकडे हे काम होतं. त्याने ऐन प्रवेशाच्या दिवसांत ‘सिक्युरिटीचं अर्जंट आहे’ म्हणून वेबमेल १.४ वरून थेट १.६ वर नेलं. सकाळी कुणालाच लॉगिन होईना. का, तर १.६ मध्ये ‘डीफॉल्ट होस्ट’ या सेटिंगचं नाव ‘आयमॅप होस्ट’ झालंय आणि ‘एसएमटीपी सर्व्हर’चं ‘एसएमटीपी होस्ट’, आणि जुनी कॉन्फिग फाइल तशीच ठेवलेली. ते दुपारी सुटलं. मग कळलं की लॅरी स्किन (पडद्याचं जुनं रूप) मूळ पॅकेजमधून काढलेली आहे, त्यामुळे सगळ्यांच्या पडद्यावर एकदम नवं रूप, इलास्टिक. ज्या बाई वर्षानुवर्षं त्याच जागी ‘उत्तर द्या’चं बटण दाबत होत्या त्या हवालदिल.

सर्वांत वाईट ॲड्रेसबुकचं. डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलीत काढलेली प्रत, देवनागरी न मावणाऱ्या लॅटिन-१ कॅरेक्टर सेटमध्ये काढून परत भरलेला. देवनागरीत लिहिलेली प्राध्यापकांची, पालकांची नावं जाऊन तिथे नुसती प्रश्नचिन्हं. ‘????? ?????’, पुढे ईमेल पत्ता. अशा ओळींची पानंच्या पानं. मूळ डेटाबेस त्याच डंपाने पुसलेला, त्यामुळे ती नावं पुन्हा हाताने भरावी लागली.

घाई केली की हे होतं. हल्ला होईल की नाही ते माहीत नाही, गोंधळ मात्र नक्की होतो. त्यात तुमची ती ९.९ वाली फट लॉगिन केल्याशिवाय वापरता येत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पासवर्ड नीट ठेवले तर आठ-पंधरा दिवस थांबायला काय हरकत आहे?

पोस्टमास्तर

ताई, तुमच्याकडे झालं ते वाईटच झालं. पण त्यात दोन वेगळी कामं एकत्र झालीत. १.६.१० वरून १.६.११ वर जाणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. सेटिंग्जची नावं तीच, स्किन तीच, बदल मोजक्या फाइलींत. १.४ वरून १.६ वर जाणं म्हणजे घर बदलणं. पहिलं त्याच रात्री करावं म्हणतोय मी, दुसरं नाही.

आणि ते १.४ वर का अडकले होते? कारण आधीची अपडेट कुणीतरी ‘सवडीने करू’ म्हणून ठेवली होती. जून २०२५ ची दुरुस्ती मूळ प्रकल्पाने १.५ आणि १.६ साठीच दिली, १.४ साठी दिलीच नाही. म्हणजे ज्यांनी मोठी उडी वर्षानुवर्षं टाळली त्यांना ती नेमक्या त्याच आठवड्यात, घाबरत, रात्रीत मारावी लागली. घाईची अपडेट ही लांबणीवर टाकलेल्या अपडेटचीच पुढची पायरी असते.

लॉगिनबद्दल. शंभर खाती असली की त्यातल्या एकाचा तरी पासवर्ड ‘नाव आणि जन्मसाल’ असतो, आणि हल्लेखोराला एकच पुरतो. शिवाय प्रत्येक फटीला लॉगिन लागतंच असं नाही. ऑक्टोबर २०२३ मधली सीव्हीई-२०२३-५६३१ आठवा. विंटर व्हिव्हर्न नावाची टोळी युरोपातल्या सरकारी कार्यालयांना मेल पाठवत होती. मेलच्या आत एसव्हीजी चित्राच्या रूपात लपवलेली स्क्रिप्ट. लिंक दाबायची नाही, अटॅचमेंट उघडायची नाही, ब्राउझरमध्ये तो मेल नुसता वाचायला घेतला की स्क्रिप्ट चालून पेटीतली टपालं बाहेर. ईसेट कंपनीच्या संशोधकांनी ती पकडली, दुरुस्ती काही दिवसांत आली. त्या वेळी पासवर्ड कितीही कडक असता तरी उपयोग नव्हता.

आणि ‘पंधरा दिवस’ कधी पंधरा दिवस राहत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये १.६.८ आणि १.५.८ ने सीव्हीई-२०२४-४२००९ बुजवली. जून २०२५ मध्ये पोलंडच्या सर्टने (सायबर सुरक्षा पथकाने) जाहीर केलं की तिथल्या संस्थांवर त्याच फटीतून हल्ले चाललेत. दुरुस्ती येऊन दहा महिने झाले होते.

डेबियनप्रेमी

तुम्ही दोघंही फाइली स्वतः उतरवून बसवताय, म्हणून हा वाद आहे. डेबियन या लिनक्सचं तयार पॅकेज वापरा. ते मालिका बदलत नाहीत, फक्त दुरुस्ती जुन्या मालिकेत आणून बसवतात. मूळ प्रकल्पाने १.४ सोडून दिली तरी डेबियन ११ मधल्या १.४ ला एलटीएसवाल्यांनी (जुन्या डेबियनला पुढेही दुरुस्त्या देणाऱ्यांनी) जून २०२५ ची दुरुस्ती दिली. स्किन हलली नाही की कॉन्फिग मोडली नाही. अनअटेंडेड अपग्रेड चालू ठेवा, रात्री आपोआप होतं.

मात्र एक सांगून ठेवतो. ऑडिटवाले येतात, पडद्यावर १.४.१५ बघतात आणि ‘असुरक्षित’ असा शेरा मारून जातात. त्यांना पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) काढून दाखवायचा, त्यात सीव्हीई क्रमांक लिहिलेला असतो. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावरून डेबियनमध्ये काही कळत नाही.

गावठाण

मला मुळातच प्रश्न पडतो की वेबमेल उघड्या इंटरनेटवर हवंय कशाला? वायरगार्ड या व्हीपीएनच्या, म्हणजे संस्थेच्या खाजगी जाळ्याच्या आत ठेवा. बाहेरच्यांना लॉगिनचं पानच दिसणार नाही, मग अपडेट सवडीने करा. ज्यांना व्हीपीएन जमत नाही त्यांनी थंडरबर्ड हा संगणकावरचा मेल प्रोग्रॅम वापरावा.

निळी शाई

गावठाण दादा, आमचे प्राचार्य गावी गेले की कुणाच्याही लॅपटॉपवरून मेल बघतात. संस्थेच्या विश्वस्तांचंही तेच. व्हीपीएन त्यांना सांगून बघा एकदा. वेबमेल ठेवायचं कारणच ते आहे.

शिवाय पोस्टमास्तरांनीच वर लिहिलंय तसं, मेल नुसता वाचला की चालणारी स्क्रिप्ट व्हीपीएनच्या आतही चालते. मेल तर बाहेरूनच येतो ना.

डेबियनचं मात्र पटलं. पण आमच्याकडे पासवर्ड बदलायचा प्लगिन आणि एक तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेला कॅलेंडर प्लगिन आहे. अशी बाहेरची भर असली की पॅकेज असो वा नसो, आधी चाचणी हवीच. माझं म्हणणं एवढंच की चाचणीशिवाय चालू सर्व्हरला हात लावू नये, मग फट ९.९ ची असली तरी.

पोस्टमास्तर

चाचणीला माझा विरोध नाही, चाचणीच्या नावाखाली थांबून राहण्याला आहे. वेबमेलची चाचणी इतर सॉफ्टवेअरपेक्षा पुष्कळ सोपी आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

राउंडक्यूबच्या डेटाबेसमध्ये टपाल नसतंच. टपाल डव्हकॉटकडे, मेलडिर या फोल्डरांमध्ये. राउंडक्यूबकडे काय, तर ॲड्रेसबुक, सह्या, ओळखी (पाठवणाऱ्याची नावं-पत्ते), पसंतीच्या सेटिंग्ज आणि थोडा कॅशे. म्हणून एकाच सर्व्हरवर दोन राउंडक्यूब गुण्यागोविंदाने राहतात. जुनं जिथे आहे तिथे चालू ठेवायचं. शेजारच्या फोल्डरमध्ये नवं उतरवायचं, त्याला डेटाबेसची वेगळी प्रत द्यायची, आयमॅप (डव्हकॉटकडचं टपाल वाचायची वाट) मात्र तेच. वेगळ्या सबडोमेनवर ते उघडून त्याच पेटीतली तीच पत्रं बघायची. कार्यालयातल्या दोन-तीन जणांना ते वापरायला द्यायचं, त्यात त्या जुन्या सवयीच्या बाई नक्की असाव्यात. पसंत पडलं की वेब सर्व्हर नव्या फोल्डरकडे वळवायचा. बिनसलं तर परत जुन्याकडे. मधल्या काळात जुन्यात भरलेले नवे पत्ते तेवढे वेगळे आणावे लागतात.

आणि समजा, अपडेट फसून वेबमेल दोन तास बंद पडलं, तरी पोस्टफिक्स टपाल घेतच असतो. एकही पत्र हरवत नाही. फोनमधल्या ॲपवर लोकांना मेल दिसत राहतो. दोन तास बंद वेबमेल आणि चोरीला गेलेली पेटी यांची तुलना तरी होते का?

शिकाऊ

मी आत्ता एका छापखान्याचा सर्व्हर हाती घेतलाय, १.५.७ आहे, डेबियन पॅकेज नाही. नेमकं काय करू?

पोस्टमास्तर

आधी डेटाबेसचा डंप, कॅरेक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ (ज्यात देवनागरी मावते) असं स्पष्ट सांगून. डंपची फाइल उघडून एखादं मराठी नाव डोळ्यांनी वाच. ते नीट दिसल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग पूर्ण फोल्डरची प्रत. त्यानंतर आजच १.५ मालिकेतली सर्वांत नवी आवृत्ती उतरवून त्यातली ‘इन्स्टॉलटू’ स्क्रिप्ट जुन्या फोल्डरचा पत्ता देऊन चालव. ती फाइली बदलते, नाव बदललेल्या सेटिंग्ज दाखवते, डेटाबेसची रचनाही तपासते. बाहेरचे प्लगिन तिच्या कक्षेत येत नाहीत, ते वेगळे बघावे लागतात. ‘इन्स्टॉलर’ फोल्डर शिल्लक असेल तर काढून टाक. त्यानंतर पुढच्या मालिकेची तयारी शेजारच्या फोल्डरात, निवांत.

निळी शाई

शिकाऊ, अजून एक. १.५.७ वर आहेस म्हणजे २०२४ चा ऑगस्ट आणि २०२५ चा जून, दोन्ही दुरुस्त्या तुझ्याकडे नाहीत. अपडेट केल्याने पुढचं दार लागेल, आधी कुणी आत येऊन गेलं असेल तर ते तसंच आत राहील. वेब सर्व्हरचे जुने लॉग उतरवून ठेव. राउंडक्यूबच्या फोल्डरमध्ये मूळ पॅकेजमध्ये नसलेली एखादी पीएचपी फाइल आहे का, ते दोन्ही फोल्डर ताडून बघ. सगळ्यांच्या मेल फिल्टरमध्ये बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड लावलेला आहे का तेही बघ, ते कुणीच बघत नाही.

काही सापडलं तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवायला सहा तास मिळतात, एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे. लॉगही १८० दिवसांचे लागतात. यासाठी आधी मालकांना फोन कर, सर्व्हर पुसायला घेऊ नकोस.

शिकाऊ

फिल्टर बघितले. हिशेबाच्या खात्यात एक फॉरवर्ड आहे, पत्ता कुणाच्या ओळखीचा नाही. मालकांना फोन लावतोय.